पालक आणि मुलांनी एकत्र शिकण्याच्या मेळाव्यांसाठी निधी कोठून उभा करावा?

कृष्णाकाठचा वाचक (वाळवा तालुका, जि. सांगली)

सर्वांना नमस्कार. कृष्णाकाठच्या एका गावात आमचे ‘ड’ वर्गाचे सार्वजनिक वाचनालय आहे आणि मी त्याचा सध्याचा चिटणीस आहे. गेल्या वर्षभरात वाचनालयापुढच्या पटांगणात आम्ही तीन वेळा ‘घरचा अभ्यास’ नावाचा मेळावा भरवला. प्रकार साधा आहे. मुलाने एकटे यायचे नाही, त्याच्यासोबत आई, वडील, आजी, आजोबा यांपैकी कोणीतरी आलेच पाहिजे, आणि दोघांनी मिळून काहीतरी करायचे. एका कोपऱ्यात गोष्टीचे पुस्तक मोठ्याने वाचणे, दुसऱ्यात तराजू आणि वजने घेऊन बाजारहाटाचे गणित, तिसऱ्यात काड्यापेट्यांची आणि कागदाची खेळणी, आणि चौथ्यात आजीने सांगितलेली ओवी किंवा उखाणा नातवंडाने लिहून काढणे. या चौथ्या कोपऱ्यात सर्वांत जास्त गर्दी होईल असे आम्हाला वाटले नव्हते, पण तिसऱ्या मेळाव्यात आज्यांची रांग लागली आणि लिहिणाऱ्या मुलांचे हात दुखू लागले. पहिल्या वेळी २२ कुटुंबे आली होती, तिसऱ्या वेळी ६१.

अडचण पैशाची आहे. तिसऱ्या मेळाव्याचा एकूण खर्च १४,८५० रुपये झाला. त्यात नाष्टा आणि चहा ५,४०० रुपये, मांडव, सतरंज्या आणि ध्वनिक्षेपक ३,८०० रुपये, साहित्य २,४५० रुपये आणि प्रत्येक कुटुंबाला भेट दिलेल्या पुस्तकांचे ३,२०० रुपये. हा खर्च आम्ही तिघा-चौघांनी पदरचा केला. आता गावातून दर दोन महिन्यांनी मेळावा घ्यावा अशी मागणी आहे, म्हणजे वर्षाला सुमारे ९०,००० रुपये लागतील. वाचनालयाचे परिरक्षण अनुदान वेतन, ग्रंथखरेदी, नियतकालिके आणि वीजबिल यांतच संपते, त्याला हात लावता येत नाही आणि लावूही नये.

दोन ठिकाणी प्रयत्न केले. जवळच्या औद्योगिक वसाहतीतील एका कंपनीत सीएसआरसाठी, म्हणजे कंपन्यांनी सामाजिक कामावर करायच्या खर्चातून मदत मिळावी म्हणून, अर्ज दिला. तीन हेलपाट्यांनंतर ‘आम्ही कार्यक्रमांना पैसे देत नाही’ एवढेच उत्तर मिळाले. दुसरीकडे भागातील एका पुढाऱ्यांनी संपूर्ण खर्च उचलण्याची तयारी दाखवली, मात्र पटांगणाच्या दोन्ही बाजूंना त्यांच्या छायाचित्राचे फ्लेक्स लागले पाहिजेत आणि उद्घाटन त्यांच्याच हस्ते व्हावे, अशी त्यांची अट आहे. निवडणुका जवळ आल्या आहेत. मदत घेतली तर निम्मे गाव येणार नाही, आणि नाकारली तर उरलेले निम्मे रागावेल.

माझे प्रश्न असे : अशा मेळाव्यांसाठी शासनाचा किंवा ग्रामपंचायतीचा कोणता निधी रीतसर मिळू शकतो? कंपनीकडे पुन्हा जावे का, आणि गेल्यास काय वेगळे करावे? सातारा-सांगली भागात कोणी असा उपक्रम दोन-तीन वर्षे टिकवला असल्यास पैशाची सोय कशी केली?

निवृत्त ग्रामसेवक (तासगाव)

चिटणीस साहेब, तुमच्या प्रश्नातच एक चूक दडलेली आहे, ती आधी सांगतो आणि त्याबद्दल राग मानू नये. तुम्ही ९०,००० रुपये देणारा एक माणूस किंवा एक कार्यालय शोधत आहात. माझ्या तीस वर्षांच्या नोकरीत ‘मेळावा’ या नावाचे लेखाशीर्ष, म्हणजे हिशेबातले खर्चाचे सदर, मी पाहिले नाही. लेखाशीर्षे असतात ती वस्तूंची, घटकांची आणि कामांची. त्यामुळे तुमच्या खर्चाचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकडा ज्याच्या खात्यात आधीपासून बसतो त्याच्याकडे तेवढाच मागा.

ग्रामपंचायतीचे पाहू. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावी लागते. समजा गावाचे घरपट्टी, पाणीपट्टी, गाळेभाडे मिळून वर्षाचे उत्पन्न १२ लाख रुपये असेल, तर महिला व बालकल्याणाचे १,२०,००० रुपये होतात. हे पैसे फेब्रुवारीपर्यंत तसेच पडून राहतात आणि मार्चमध्ये घाईघाईने काहीतरी खरेदी करून संपवले जातात, हे मी स्वतः केलेले असल्यामुळे छातीठोकपणे सांगू शकतो. तुमच्या मेळाव्यातील साहित्याचा खर्च या दहा टक्क्यांत व्यवस्थित बसतो, कारण त्याचा लाभ माता आणि बालके यांनाच होतो. नाष्ट्याचा खर्च मात्र त्यात घालू नका, लेखापरीक्षणात आक्षेप येण्याची पहिली जागा तीच असते.

मागणीची रीत अशी आहे. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा होते. तिथे तुमच्या मेळाव्याला येणाऱ्या पाच-सहा आयांनी स्वतः विषय मांडला पाहिजे. तुम्ही मांडू नका. त्या सभेचा ठराव ग्रामसभेत जातो आणि तेथून ग्रामपंचायत विकास आराखड्यात. आराखड्याची मोहीम २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते, म्हणून १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपर्यंत विषय कागदावर आलेला बरा. आणखी एक, पैसा हातात मागू नका. ‘वाचनालयास अनुदान द्यावे’ असा अर्ज आला की ग्रामपंचायत अधिकाऱ्यांच्या कपाळावर आठी पडते. ‘ग्रामपंचायतीने खालील साहित्य खरेदी करून बालकांच्या शैक्षणिक उपक्रमासाठी उपलब्ध करून द्यावे’ असे लिहिले, तर खरेदी ग्रामपंचायत करते, साहित्याची नोंद तिच्याच साठा नोंदवहीत होते आणि तुम्ही फक्त वापर करता.

पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशाचे नाव गावोगावी फार घेतले जाते. २०२१ ते २०२६ या काळासाठीच्या त्या अनुदानात ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधलेली होती, आणि उरलेल्या ४० टक्क्यांवर गावातील गटारापासून दिव्यापर्यंत सगळ्यांचा डोळा असतो. त्यामागे धावून वेळ घालवू नये असे माझे मत आहे. आमदार निधीचेही तेच. तो बांधकामासारख्या कायमस्वरूपी कामांसाठी असतो, त्यातून वाचनालयाची खोली किंवा शेड होऊ शकेल, मेळावा होणार नाही.

ताळेबंद (सांगली)

मी गेली काही वर्षे संस्थांचे हिशेब तपासण्याचे काम करतो, म्हणून कंपनीच्या नकाराबद्दल लिहितो. त्या कंपनीने तुम्हाला टाळले असे समजू नका. नीट समजावून सांगितले नाही, एवढीच त्यांची चूक. कंपनी व्यवहार मंत्रालयाने १८ जून २०१४ च्या परिपत्रकात स्पष्ट केले आहे की मॅरेथॉन, पुरस्कार, जाहिरात, दूरचित्रवाणी कार्यक्रमांचे प्रायोजकत्व अशा एकवेळच्या कार्यक्रमांवरील खर्च सीएसआरमध्ये धरता येणार नाही. तुमच्या अर्जावर ‘मेळाव्यास प्रायोजकत्व मिळणेबाबत’ असा विषय असेल, तर तो तिथेच बाद झाला. हेच काम ‘इयत्ता पहिली ते चौथीच्या मुलांच्या वाचन व गणनासाठी पालक सहभागाचा वार्षिक प्रकल्प, ज्यात सहा सत्रे आणि दरम्यान घरी पुस्तक देवघेव’ असे मांडले, तर ते कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीतील ‘शिक्षणाला प्रोत्साहन’ या विषयात येते. शब्दांची ही कसरत नव्हे. दोन मेळाव्यांच्या मध्ये पुस्तके घरी जात असतील आणि त्याची नोंद राहत असेल, तरच त्याला प्रकल्प म्हणता येईल. तुमच्याकडे वाचनालय आहे, त्यामुळे ही गोष्ट तुम्हाला इतरांपेक्षा सोपी आहे.

आता कोणत्या कंपनीकडे जावे. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ नुसार ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल, तिला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. सगळे लोक मोठ्या नावाच्या कंपन्यांकडे धावतात, आणि तेथे निर्णय पुण्या-मुंबईला होतो. त्याऐवजी कुपवाड, मिरज, कडेगाव किंवा सातारच्या औद्योगिक वसाहतीतील अशी मध्यम कंपनी शोधा जिचा सरासरी नफा पाच-सहा कोटींच्या आसपास आहे. पाच कोटींचे दोन टक्के म्हणजे दहा लाख. खर्च करावयाची रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर त्या कंपनीला वेगळी सीएसआर समितीही नेमावी लागत नाही, संचालक मंडळच निर्णय घेते, आणि हे संचालक बहुधा याच भागातले असतात. कायद्यातही कंपनीने आपल्या परिसराला प्राधान्य द्यावे असे म्हटले आहे. अनेक वर्षे चालणारा प्रकल्प हाती नसेल तर न खर्चलेली रक्कम वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत सरकारी निधीत भरावी लागते, म्हणून जानेवारी ते मार्च या काळात अशा कंपन्यांचे लेखापाल चांगल्या प्रस्तावाच्या शोधातच असतात.

मात्र येथे एक दार आहे आणि त्याची किल्ली तुमच्याकडे नसावी असा माझा अंदाज आहे. कंपनीने दुसऱ्या संस्थेमार्फत काम करून घ्यायचे असेल तर त्या संस्थेकडे आयकराची १२ए (संस्थेच्या उत्पन्नाला करमाफी) आणि ८०जी (देणगीदाराला करसवलत) नोंदणी, अशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव, आणि १ एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ अर्ज भरून मिळणारा नोंदणी क्रमांक लागतो. गावचे वाचनालय १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेले असते, पण आयकराची नोंदणी बहुतेकांनी केलेली नसते. ती करून घ्या, परंतु या वर्षीचा मेळावा तिच्यावर अवलंबून ठेवू नका. तोपर्यंत कंपनी स्वतः वस्तू खरेदी करून शाळेला देऊ शकते. केंद्र शासनाचे २०२१ पासूनचे विद्यांजली संकेतस्थळ त्यासाठीच आहे. तेथे शाळा आपली गरज नोंदवते आणि देणारा वस्तू किंवा वेळ देतो, रोख रक्कम नाही.

देणग्यांबद्दल थोडक्यात. वाचनालयाच्या नावाने पावती फाडायची असेल तर कार्यकारिणीचा ठराव करून वेगळी खातेवही ठेवा. ८०जी मिळाल्यावरही २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देणगीवर देणगीदाराला करसवलत मिळत नाही, हे आधीच सांगावे म्हणजे नंतर गैरसमज होत नाहीत. वाचनालयाऐवजी गावातील एखाद्या नोंदणी नसलेल्या मित्रमंडळाच्या नावाने वर्गणी गोळा करणार असाल, तर गणेश मंडळे घेतात तशी विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खालची परवानगी सहायक धर्मादाय आयुक्तांकडून घ्यावी लागेल. नोंदलेले वाचनालय हाताशी असताना तो वळसा कशासाठी घ्यायचा?

रोटरी क्लबचा विचार कोणीतरी सुचवेलच, म्हणून सांगून ठेवतो. त्यांच्या जागतिक अनुदानासाठी प्रकल्प किमान ३०,००० डॉलरचा असावा लागतो, तो आपला प्रांत नव्हे. स्थानिक क्लबचे वर्ष १ जुलैला सुरू होते, आणि नवे अध्यक्ष मे-जूनमध्ये आपल्या वर्षाचे उपक्रम ठरवत असतात. तेव्हा भेटलात तर एखाद्या सत्राची पुस्तके मिळू शकतील.

कृष्णाकाठचा वाचक

दोघांचेही आभार. आमच्याकडे १२ए नाही आणि ८०जीही नाही, हा अंदाज बरोबर निघाला. ताळेबंद सरांना एक शंका विचारतो : तीन वर्षांचा अनुभव दाखवायचा म्हणजे नेमके कोणते कागद दाखवायचे? आमच्याकडे मोबाइलमधील छायाचित्रांशिवाय काहीच नाही.

ताळेबंद (सांगली)

वार्षिक अहवालात उपक्रमाचा उल्लेख, कार्यकारिणीच्या ठरावांच्या प्रती, खर्चाची बिले आणि लेखापरीक्षित हिशेबात ‘पालक-बालक उपक्रम’ अशी स्वतंत्र ओळ. पदरचा खर्च केलात तरी तो आधी वाचनालयाला देणगी म्हणून जमा करा आणि मग वाचनालयातून खर्च दाखवा. या वर्षी खिशातून परस्पर दिलेले पैसे हिशेबाच्या दृष्टीने झालेच नाहीत, आणि तुमचे एक वर्ष वाया गेले. कुटुंबांची नोंदवही सहीनिशी ठेवा. आज्यांचा अंगठाही चालेल, पण त्यांना त्या वहीत सही करायला शिकवता आले तर उत्तम.

पहिलीच्या बाई (खटाव तालुका, जि. सातारा)

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वरील उत्तरे वाचून मला आनंद झाला, पण थोडी काळजीही वाटली. तुमचा मेळावा चांगला चालला आहे तो त्यात पैसा कमी आहे म्हणून, असे मला वाटते. १४,८५० रुपयांपैकी ९,२०० रुपये नाष्टा आणि मांडव यांवर गेले आहेत. आजीची ओवी लिहून घ्यायला यातले काय लागते? नाष्टा बंद करा. प्रत्येक घराने आपली भाजी-भाकरी आणावी आणि शेवटी अंगतपंगत करावी. आमच्याकडे हे सुरू केल्यावर एक मजेशीर गोष्ट झाली. कोणाच्या डब्यात किती भाकऱ्या, एका भाकरीचे किती भाग, किती जणांना वाटल्या, यावर मुलांनी आपोआप गणित सुरू केले. मांडवही नको, शाळेचा व्हरांडा आणि दोन वर्ग पुरतात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालकच असतात आणि निम्म्या जागा महिलांच्या असतात, त्यामुळे समितीच्या ठरावाने सुट्टीच्या दिवशी शाळा वापरायला मिळण्यात अडचण येऊ नये.

शाळेकडून जागा घ्यावी, पण शाळेच्या अनुदानाकडे पाहू नये, ही कळकळीची विनंती. समग्र शिक्षा या शासकीय योजनेतून ३१ ते १०० पट असलेल्या शाळेला वर्षाला २५,००० रुपये संयुक्त अनुदान मिळते. त्यातील किमान दहा टक्के स्वच्छतेवर आणि उरलेले खडू, वीजबिल, दुरुस्ती यांवर जाते. त्यातून मेळाव्याला मदत मागितली तर मुख्याध्यापक नाही म्हणणार नाहीत, पण मग दाराची कडी वर्षभर तुटकीच राहील.

आमच्याकडे आधीपासून जे चालते त्याला जोडून घेणे अधिक सोपे आहे. २०२२ पासून राज्यात ‘पहिले पाऊल’ या नावाने शाळापूर्व तयारी मेळावे होतात. पहिलीत येणारे मूल आईसोबत येते, शारीरिक विकास, भाषा, गणनपूर्व तयारी अशा टेबलांवरून फिरते आणि आईच्या हातात घरी करून घ्यायच्या कृतींची माहिती पडते. त्यातून गावोगावी मातांचे गट तयार झाले आहेत. तुमच्या मेळाव्याची कल्पना याहून फार वेगळी नाही, फक्त तुम्ही मोठ्या मुलांना आणि आजी-आजोबांना घेतले आहे. गावातील माता गट शोधा, तुम्हाला स्वयंसेवक आयतेच मिळतील. अंगणवाडीतही पोषण अभियानाखाली महिन्यातून दोन समुदाय आधारित कार्यक्रम होतात आणि प्रत्येकी २५० रुपये मिळतात. रक्कम हसण्याजोगी आहे हे मान्य, परंतु त्यांच्या विषयांत ‘मूल अंगणवाडीत येण्याच्या वयाचे झाले’ हाही एक विषय आहे, आणि तो तुमच्या मेळाव्याच्या दिवशीच घेतला तर अंगणवाडी सेविका हक्काने हजर राहतील. पुस्तकांसाठी प्रथम बुक्सचे स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ पाहा. तेथील मराठी गोष्टी मोफत आहेत आणि छापून वाटण्याची मुभाही आहे. खेळण्यांसाठी अरविंद गुप्ता यांच्या संकेतस्थळावर टाकाऊ वस्तूंतून करायच्या इतक्या कृती आहेत की सहा मेळावे सहज होतील.

वेळेबद्दल एक सूचना करते, कारण निधी देणारा शेवटी उपस्थितीच पाहतो. सकाळी आणि संध्याकाळी धारा काढून दूध डेअरीला घालण्याच्या वेळा सोडूनच मेळावा ठेवा. भांगलणीला किंवा बेदाण्याच्या शेडवर जाणाऱ्या बाया हंगामात रविवारीही मोकळ्या नसतात. आठवडा बाजाराच्या दिवशी मात्र बहुतेक जणी सुट्टी घेतात, त्या दिवशी दुपारी अकरा ते एक ही वेळ आम्हाला सर्वांत चांगली लाभली. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णाकाठी काहीही ठरवू नका, २०१९ आणि २०२१ चे पूर तुम्हाला मी काय सांगायचे.

राहता राहिला रोख खर्च. त्यासाठी मला आमच्याच जिल्ह्यातील जुनी रीत आठवते. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेत मुष्टिफंड होता, घरोघरी बायका दळणातून मूठभर धान्य बाजूला काढत आणि त्यावर वसतिगृहातील मुले जेवत. १९५९ मध्ये साताऱ्यातच ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावातल्या शिकलेल्यांनी न शिकलेल्यांना वेतन न घेता शिकवले आणि गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. आपल्या आजी-आजोबांपैकी काही जण त्या मोहिमेत सही करायला शिकले असतील, मेळाव्यात विचारून पाहा. प्रत्येक कुटुंबाने मेळाव्याला येताना वीस रुपये किंवा एक शेर धान्य आणले, तर ६१ कुटुंबांचे किती होतात याचा हिशेब मुलांनाच करू द्या.

निवृत्त ग्रामसेवक (तासगाव)

बाईंचे म्हणणे पटले, पण वीस रुपयांबद्दल थोडे जपून. ज्या घरात वीस रुपये नाहीत ते घर गुपचूप यायचे बंद होते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. डबा झाकून ठेवावा, घालणाऱ्याने घालावे, नोंद करू नये.

पहिलीच्या बाई (खटाव तालुका, जि. सातारा)

मान्य. आम्ही गाडग्याला वरून छिद्र पाडले आहे, नाव कोणाचेच लिहीत नाही.

ठेव पावती (कराड)

मी एका नागरी सहकारी बँकेत नोकरी करतो, म्हणून तेवढ्यापुरतेच लिहितो. आपल्या भागात कंपन्यांपेक्षा सहकारी संस्था जास्त आहेत आणि त्यांच्याकडे जाण्याची वेळ लोक नेहमी चुकवतात. नागरी बँकेला मागील वर्षाच्या जाहीर नफ्याच्या एक टक्क्यापर्यंतच देणग्या देता येतात. ही रक्कम लहान असते आणि जे आधी येतात त्यांना मिळते. वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात. हिशेब तपासून झाल्यावर आणि सभेची तयारी सुरू होण्यापूर्वी, म्हणजे मे-जूनमध्ये, अर्ज संचालक मंडळापुढे गेला पाहिजे. दिवाळीनंतर आलेल्या अर्जाला आम्ही गोड शब्दांत पुढच्या वर्षाची वाट दाखवतो.

दुसरी युक्ती अशी की देणगी मागूच नका. जवळजवळ प्रत्येक पतसंस्था, दूध संस्था आणि साखर कारखाना दरवर्षी सभासदांच्या गुणवंत पाल्यांचा सत्कार करतो, आणि त्यात शाल, श्रीफळ आणि प्लास्टिकची ट्रॉफी यांवर बऱ्यापैकी खर्च होतो. तो खर्च आधीच मंजूर असतो. ट्रॉफीऐवजी पुस्तके द्या आणि सत्कार आमच्या मेळाव्यात, आईवडिलांसह करा, असे सुचवून पाहा. आमच्या एका शाखेने हे केले. काही पालकांनी ट्रॉफी कोठे आहे असे विचारले, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

फ्लेक्सबाबत माझा सल्ला वेगळा आहे. पुढाऱ्यांना नाही म्हणू नका आणि होही म्हणू नका. वाचनालयाचा एक नियम करा की मदत करणाऱ्या सर्वांची नावे वर्णानुक्रमे, एकाच आकारात, फळ्यावर खडूने लिहिली जातील, रक्कम लिहिली जाणार नाही आणि छायाचित्र कोणाचेच नसेल. नियम कार्यकारिणीच्या ठरावात आला की तो तुमचा उरत नाही, संस्थेचा होतो. मग नाराजी कोणावर धरायची, हाच त्यांना प्रश्न पडेल.

कृष्णाकाठचा वाचक

चार दिवस उत्तर दिले नाही, कारण कार्यकारिणीची बैठक होती. तिथे झालेले कळवतो.

नाष्टा बंद करून अंगतपंगत करायची, हे पहिल्या पाच मिनिटांत मंजूर झाले. चहा मात्र ठेवायचा असा आग्रह दोन ज्येष्ठ सभासदांनी धरला आणि त्याचे पैसे तेच देणार आहेत. शाळेचा व्हरांडा मिळाला. ध्वनिक्षेपक रद्द केला, कारण आजी ओवी सांगताना तो लावला की त्या लाजतात, हे आम्ही पाहिलेच होते आणि तरीही प्रत्येक वेळी त्याचे भाडे भरत होतो. अशा रीतीने १४,८५० रुपयांचे सुमारे ६,००० झाले आणि त्यातील जवळजवळ सगळी रक्कम पुस्तके आणि साहित्य यांची आहे. तराजू, वजने, मोजमापाची भांडी आणि मोठ्या चित्रांच्या तक्त्यांची यादी करून ती महिलांच्या सभेत मांडण्याचे काम माता गटातील तिघींनी घेतले आहे. मी त्या सभेला जाणार नाही. गावातील दूध संस्थेच्या अध्यक्षांना ट्रॉफीऐवजी पुस्तकांची कल्पना सांगितली. त्यांना ती आवडली, पण सत्कार मेळाव्यात करण्याऐवजी संस्थेच्या वार्षिक सभेतच व्हावा असे त्यांचे म्हणणे आहे. तिथे आम्ही अडून बसलो नाही.

कंपनीकडे या वर्षी जाणार नाही. १२ए आणि ८०जीचे कागद तयार करायला दिले आहेत आणि हिशेबात वेगळी ओळ उघडली आहे. गेल्या तीन मेळाव्यांचा खर्च कागदावर नाही याची चुटपूट राहील.

पुढचा मेळावा ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जयंतीदिनी घेत आहोत. त्यांचे जन्मगाव नायगाव पलीकडच्याच जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात, तेथे एखादी कौटुंबिक सहल नेता येईल का हा विषय निघाला होता, पण एस.टी.च्या खर्चाचा आकडा ऐकून तो तूर्त बाजूला ठेवला आहे. पुढाऱ्यांना फळ्याचा नियम दाखवला आणि फ्लेक्सऐवजी चाळीस पुस्तके द्यावीत अशी विनंती केली. विचार करून सांगतो म्हणाले. अजून निरोप आलेला नाही.